रिस्टोअर करून बघू नका म्हणे!

पतसंस्थांच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज शेवटी निपाणीच्या माझ्या मेव्हण्यापर्यंत पोचलाच. तो संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळतो. बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातला डेटा परत चढवून, बघायला त्यानं बाजूला एक जुना पीसी ठेवलाय. आता सेक्रेटरी म्हणतात, तो भंगारात घाला. मेसेजचं म्हणणं असं: बॅकअपला हिरवी टिक आली की काम झालं, सर्व्हरला मिरर केलेल्या (एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवरही लिहिणाऱ्या) दोन डिस्क असतील तर बॅकअपही नको, रिस्टोअर करून बघणं धोक्याचं, चालू डेटावर जुना चढतो, वर दिवस वाया.

दोन डिस्कचं आधी उरकतो. एकीवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. संपला विषय.

हिरवी टिक फक्त फाइल लिहिली गेली एवढंच सांगते. ती उघडते का, हे तिला काय ठाऊक? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही भरवशाची निघाली नाही. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअप घेणारं टूल ९.२ चं, ते फेल जात होतं आणि फेल झाल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सगळं शांत, म्हणजे सगळं ठीक! वाचवलं ते चाचणीच्या सर्व्हरसाठी सहा तास आधी योगायोगानं काढलेल्या कॉपीनं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय. एकदा रिस्टोअर करून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

जुना डेटा चालूवर चढतो, हे मात्र खरं आहे, मान्य करावं लागेल. पण कधी? त्याच मशीनवर, त्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर मारलात तर. म्हणून तर तो जुना पीसी! आणि दिवस कसला वाया जातो? पहिल्यांदा त्यावर पूर्ण बॅकअप चढवायचा, मग रोज रात्री फक्त बदललेला भाग. लहान संस्थेचा दिवसभराचा बदल तो केवढा? या रोजच्या बदलांच्या साखळीतली एक रात्र गळाली तर दुसऱ्याच दिवशी सापडते.

सकाळी त्या पीसीवर कालचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) काढून सर्व्हरशी ताडायचा. खातेदारांची मराठी-कन्नड नावं नीट दिसतात का, की नुसती प्रश्नचिन्हं, हे बघायचं. लायसन्सअभावी सॉफ्टवेअरच उघडत नसेल तर तेही आजच कळू दे, ऑडिटच्या आदल्या रात्री नको. चुकून पुसलेलं तिथंही पुसलं जाणार, म्हणून जुने बॅकअप वेगळे ठेवायचेच. आणि अधूनमधून पीसी कोरा करून पूर्ण बॅकअपपासून पुन्हा उभा करायचा, नाहीतर तो पहिला बॅकअप खराब झालेला कुणाच्या लक्षातच येणार नाही.