काढ्याचा कप आणि वजनाचा काटा

करोनाच्या नव्या लाटेची बातमी कुठेही झळकली की आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काढ्याची कृती पुन्हा फिरू लागते. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. २०२०च्या मार्चअखेरीस आयुष मंत्रालयाने सुचवलेली हीच यादी. त्यात कुणी गुळवेल घालतं, कुणी ज्येष्ठमध. गेल्या खेपेला आत्याने खाली लिहिलं, "अगं, तुमच्याकडची माणसं पटापट गेली, कारण ती पाव-बटाट्यावर जगतात. आपलं जेवण म्हणजेच औषध." त्यावर धडाधड अंगठे उमटले.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहते. इथे 'आपलं जेवण' हवं तेवढं मिळतं. बेलग्रेव्ह रोडच्या दुकानांत ज्वारीचं पीठ आहे, अळूची पानं आहेत, मोसमात हापूसच्या पेट्याही येतात. आणि २०२०च्या जूनअखेरीस ब्रिटनमधला पहिला स्थानिक लॉकडाउन लागला तो याच शहराला. इथल्या गुजराती, पंजाबी, मराठी घरांत हळद कमी पडली म्हणून नव्हे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना गोऱ्यांपेक्षा जास्त धोका आहे, हे तेव्हा सरकारी अहवालातच आलं. एका घरात तीन पिढ्या, टॅक्सी चालवायची किंवा कारखान्यात उभं राहायचं, घरून काम करायची सोयच नाही, ही कारणं होतीच. जोडीला मधुमेह. पहिल्या लाटेत इंग्लंडच्या रुग्णालयांत करोनाने गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक मधुमेही होते.

म्हणजे ताटाचा आणि करोनाचा संबंध आहेच. पण तो वीस-पंचवीस वर्षांच्या जेवणाशी आहे, गेल्या पंधरवड्यातल्या काढ्याशी नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्याला मी विचारते, साखर किती आहे तुझी? ग्रुपवर एकदम सामसूम होते. २०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. त्यात बहुतेकांची साखर हाताबाहेर गेलेली होती आणि वर स्टिरॉइडचा मारा. गुळवेलीचं म्हणाल, तर २०२०च्या शेवटच्या चार महिन्यांत ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. वाद अजून चालू आहे. वाद असलेली वस्तू रोज उकळून मुलांना पाजू नये, एवढं माझं मत.

इथल्या लोकांचं खूळ वेगळं, वजनाचं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन २०२०च्या एप्रिलमध्ये अतिदक्षता विभागात जाऊन आले आणि म्हणाले, माझं वजन फार वाढलं होतं. २७ जुलैला सरकारने लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढली. रात्री नऊच्या आधी जंक फूडच्या जाहिराती बंद, हॉटेलच्या मेनूवर कॅलरी छापायच्या, वगैरे. बरोबर आठवड्याने, ३ ऑगस्टपासून, त्याच सरकारने हॉटेलं तगावीत म्हणून सोमवार ते बुधवार निम्म्या दरात जेवण दिलं, माणशी दहा पौंडांपर्यंतची सूट! बर्गरलाही लागू. आमच्या गल्लीच्या टोकाला दर मंगळवारी पिझ्झावाल्यापुढे रांग लागायची. मेनूवर कॅलरी छापून यायला २०२२चा एप्रिल उजाडला. जाहिरातबंदी तर वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली.

आणि हा वजनाचा काटा आपल्याला फसवतो. ऐन लॉकडाउनमध्ये आमच्या ओळखीतले एक गृहस्थ 'माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) चोवीस, मला काय होतंय' म्हणून बिनधास्त असायचे. गोऱ्यांसाठी धोक्याची रेघ पंचवीसला आहे. दक्षिण आशियाई माणसासाठी इथलेच डॉक्टर तेवीसपासून सावध करतात. याचं मर्म पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉक्टर जॉन यडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबी. याज्ञिकांच्या संशोधनाप्रमाणे हे आईच्या पोटापासून सुरू होतं. अर्धपोटी आईचं बाळ कमी वजनाचं जन्मतं, पण चरबी राखून.

म्हणून मला साताऱ्याचा ग्रुप आणि इथलं सरकार या दोघांचाही सारखाच राग येतो. दोघंही सांगतात, तुझी तब्येत तुझ्या हातात. ज्याच्या हातात ताटच नाही त्याचं काय? २०२०च्या जूनमध्ये मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने उन्हाळी सुट्टीतही गरीब मुलांना जेवणाची कुपनं द्या म्हणून रान उठवलं, तेव्हा कुठे सरकार वाकलं. आठवड्याला पंधरा पौंड, तेरा लाखांच्या आसपास मुलं. पुढच्या जानेवारीत कुपनांऐवजी काही घरी शिधा पोचला. त्याचा एक फोटो देशभर फिरला. दोन बटाटे, दोन गाजरं, एक टोमॅटो, बीन्सचा एक डबा, पाव, चीज. दहा दिवसांसाठी म्हणे!

आपल्याकडे निदान शिवभोजन थाळी होती. लॉकडाउनमध्ये ती दहाची पाच रुपयांना केली, दुसऱ्या लाटेत काही काळ फुकट. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. पोट भरतं, हे खरंच मोठं काम. पण ताटात प्रथिनं म्हणजे तेवढं वरणच. 'कोंबडीने करोना होतो' या अफवेपायी २०२०च्या सुरुवातीला पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी पुरले, आणि पुढे कोविड सेंटरमध्ये रुग्णांना उकडलेली अंडी दिली. अंड्याची किंमत राज्याला कळली होती, असं मला तेव्हा वाटलं. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलंही. २०२५च्या जानेवारीत सरकारने त्याचे पैसे थांबवले. द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. पुण्यातली शाळा वर्गणी काढेलही. नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या धडगावच्या शाळेने ती कुणाकडे मागायची?