दूध पुरत नाही, असे म्हणण्याआधी

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जागतिक स्तनपान सप्ताहाच्या निमित्ताने, महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत आणि आमच्या नातेवाइकांच्या बोलण्यात एक वाद नव्याने सुरू होतो. एका पक्षाचे म्हणणे असे की आजकालच्या मुलींना नोकरीची घाई असते, म्हणून त्या बाळाला लवकर वरच्या दुधावर टाकतात. दुसरा पक्ष म्हणतो की बाळाला काय पाजायचे हा सर्वस्वी आईचा निर्णय आहे. जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये माझे बाळंतपण झाल्यापासून मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, कारण दोघेही सगळा भार आईच्या इच्छेवर टाकतात, आणि इच्छा तर बहुतेक जणींची असतेच. पहिल्या पंधरवड्यात तिच्या घरी कोणी जाणकार येते का आणि पुढे तिच्या हाती वेळ उरतो का, यावर खरे पुष्कळसे अवलंबून असते.

इथे हेबामे, म्हणजे प्रशिक्षित सुईण, सरकारी आरोग्यविम्याच्या खर्चाने घरी येते. पहिल्या दहा दिवसांत गरज पडल्यास रोज, नंतर बाळ बारा आठवड्यांचे होईपर्यंत अधूनमधून, आणि दूध पाजण्यात अडचण असेल तर त्यानंतरही. माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि बाळाला जवळ घेण्याची वेळ आली की अंगावर काटा यायचा. ती आली तेव्हा तिने आधी मी कसे पाजते हे नुसते पाहिले. मग बाळाचे पोट माझ्या पोटाला टेकेल असे त्याला वळवले, त्याचे नाक स्तनाग्रासमोर आणले आणि त्याने जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत मला थांबायला लावले. त्यानंतर त्याला चटकन जवळ घेतले, तेव्हा त्याची हनुवटी स्तनाला टेकली होती, खालचा ओठ बाहेर वळला होता आणि स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा त्याच्या तोंडात होता. ती बाळाला कापडी झोळीत घालून काट्यावर वजन करी आणि दिवसाला किती लंगोट ओले झाले ते विचारी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरतेच, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते, आणि दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवायचे नसते, हे तिने मला शांतपणे समजावले.

त्याच दिवसांत पुण्याहून आत्याचा फोन यायचा, "अगं, रडतोय म्हणजे पोट भरत नसेल त्याचं, वरचं सुरू कर." ती हे मायेनेच सांगत होती. माहेरी मिळणारी सव्वा महिन्याची विश्रांती, अळिवाची खीर, बाळंतिणीला मालिश करणारी बाई, यांतले काहीच जर्मनी मला देऊ शकले नाही, आणि दुपारी रिकाम्या घरात बाळ घेऊन बसताना त्याची किंमत मला कळत होती. इथेही सहा महिने केवळ अंगावर पाजणाऱ्या आया थोड्याच आहेत, आणि हेबामे मिळवायची तर दिवस राहिल्याचे कळताच शोध सुरू करावा लागतो. पण आपल्याकडे बाळंतिणीभोवती इतकी माणसे असूनही बाळाने स्तन नीट धरला आहे का, हे पाहणारे त्यांत क्वचितच कोणी असते.

आपल्याकडे याची सोयच नाही, असेही नाही. गावातल्या आशाताईने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहावे, अशी केंद्राची योजना 2011 पासून आहे. मात्र या सगळ्या भेटींसाठी ठरवलेला मोबदला होता एकूण 250 रुपये. शहरातल्या खासगी रुग्णालयातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे तर बहुधा कोणीच फिरकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातल्या 88.6 टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे होती 41.8 टक्के. एवढ्या बाया डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखत बाळंत होत असताना पहिला चीक बाळाच्या तोंडी वेळेवर पडत नसेल, तर आजच्या मुलींना बोल लावण्यात काय अर्थ आहे?

वेळेची गोष्ट आणखी कठीण आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, ती जर्मनीतल्या प्रसूतीआधीच्या सहा आणि नंतरच्या आठ आठवड्यांपेक्षा जास्त आहे. पण इथे त्यापुढे दोघा पालकांना मिळून चौदा महिन्यांपर्यंत पालकभत्ता मिळतो, आणि आपली रजा बीडहून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड बाईपर्यंत पोचतच नाही. तिचा एक दिवस बुडाला की खाडा धरला जातो, म्हणजे दंडाचे पैसे कापले जातात. बाळ फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असते.

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, ते उघडे आणि स्वच्छ असावेत, ही मागणी रास्तच आहे. मात्र रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचे आपण इतके कौतुक करतो, ते गडाचे दरवाजे बंद होते म्हणून तिच्यावर ती वेळ आली, हे बाजूला ठेवून. यंदाच्या सप्ताहात भाषणांऐवजी दोनच गोष्टींचा आग्रह धरला जावा: आशाताईंच्या भेटींना प्रशिक्षण आणि रास्त मोबदला देऊन त्या शहरांतल्या वस्त्यांपर्यंत आणि सोसायट्यांपर्यंत न्याव्यात, आणि साखर कारखान्यांनी बाळंतिणीचा खाडा धरणे बंद करावे.