‘झोप ही नुसती सवय आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘झोप ही नुसती सवय आहे’ असे सांगणारा एक मजकूर सध्या मुंबईतल्या नोकरदारांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. मला तो रात्री सव्वा वाजता आला, यावरून पाठवणाऱ्याच्या झोपेचा अंदाज बांधता येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मनाची तयारी असली की चार तासांची झोप पुरते, राहिलेली लोकलमध्ये आणि रविवारी भरून निघते, रातपाळी पंधरा दिवसांत अंगवळणी पडते, आणि एवढे करूनही झोप लागत नसेल तर दोष मोबाईलचा. ही विधाने एकेक करून तपासायला हवीत, कारण कामाच्या वेळा ठरवणाऱ्याला मोकळे सोडून जागणाऱ्यालाच दुबळा ठरवणे, हा त्या सगळ्यांचा रोख आहे.

कमी झोपेवर, म्हणजे सहाएक तासांवर, ज्यांचे खरोखर भागते अशी माणसे आहेत. 2009 साली अशा एका कुटुंबातला जनुकीय बदल संशोधकांना सापडला, परंतु तो फारच विरळा आहे. इतरांचे काय होते, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 2003 च्या प्रयोगाने दाखवले. चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्या निरोगी माणसांची एकाग्रता शेवटी एक-दोन रात्री सलग जागलेल्यांइतकी ढासळली होती. त्यांना स्वतःला मात्र, पहिल्या काही दिवसांनंतर, आपण जास्त पेंगुळलो आहोत असे फारसे वाटत नव्हते. ‘मला सवय झाली आहे’ असे सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. पण त्या सांगण्याची किंमत एवढीच. प्रौढांना किमान सात तास हवेत, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 मध्ये एकमताने सांगितले आहे.

लोकलमधल्या डुलकीविषयी फार लिहायला नको. वीसेक मिनिटांच्या डुलकीने तरतरी येते, हे खरे; पण कल्याणहून तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून, ठाणे आले की दादर आले याकडे कान ठेवून घेतलेल्या झापडीला रात्रीची झोप म्हणता येत नाही. सीट मिळालीच तर ही गोष्ट.

रविवारचा हिशेबही असाच फसवा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात, आठवडाभर पाच तास झोपून सुट्टीला मनसोक्त झोपलेल्यांची शरीरे पुन्हा अपुऱ्या झोपेचा आठवडा सुरू झाल्यावर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशी झाली. शिवाय रविवारी अकराला उठणाऱ्याला रात्री अकराला झोप येत नाही, आणि सोमवारची गाडी तर पहाटेचीच असते.

सर्वांत अन्यायकारक विधान रातपाळीचे आहे, कारण त्यात ‘गिरणीतल्या आजोबांना काय झाले?’ असे वर विचारले आहे. गिरणगावातल्या खोल्यांत एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा पथारी टाकत असे. त्या झोपेला सवय म्हणणे, म्हणजे जागेच्या टंचाईला आवड म्हणणे झाले. मेंदूतले घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते, आणि पेशींमधली त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल मिळाले. रात्रभर काम करून सकाळच्या लख्ख उन्हातून घरी येणाऱ्याला तेच ऊन ‘आता दिवस आहे’ असे बजावत असते. त्यातून तो पडदे ओढून आडवा होतो तोवर पाण्याची वेळ होते, पिंपे भरू लागतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, कुरियरवाला बेल वाजवतो. आणि साप्ताहिक सुट्टीला घरच्यांसाठी त्याला दिवसा जागावेच लागते, म्हणजे जुळत आलेले घड्याळ पुन्हा मागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि फेरतपासणीनंतर 2019 मध्ये, रातपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. पंधरा दिवसांत सुटणारा प्रश्न त्या यादीत कशाला गेला असता?

अमेरिकी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांची आणखी एक गंमत आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा. तिकडची घड्याळे सरकली की मालाडच्या कर्मचाऱ्याची पाळीही सरकते. पाळ्या बदलणे अटळच असेल तर सकाळ, दुपार, रात्र असा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोसतो, कारण आपले आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि त्याला उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. मात्र तो क्रम लावणे व्यवस्थापकाच्या हातात असते, कर्मचाऱ्याच्या मनोबलात नाही.

राहिला मोबाईल. झोपण्यापूर्वी तो दूर ठेवावा, हा सल्ला योग्यच आहे आणि तो मला मान्य आहे. फक्त उद्याच्या पाळ्यांचा तक्ता ज्या कार्यालयांत रात्री साडेदहानंतर गटावर टाकला जातो, तिथल्या माणसाने तो किती वाजता खाली ठेवायचा, तेही मजकुराच्या लेखकाने सांगावे.