माइक नाही म्हणून व्हॅटसिमवर बंदी? नाही!

व्हॅटसिम म्हणजे संगणकावर विमान उडवणारे हौशी वैमानिक आणि त्यांना सूचना देणारे हौशी हवाई नियंत्रक (कंट्रोलर) यांना इंटरनेटवर जोडणारं जाळं. ‘माइक नसेल तर व्हॅटसिमचा कंट्रोलर तुम्हाला हाकलून देतो’ हा नव्या वैमानिकांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. न बोलता फक्त टाइप करून संपर्क ठेवणाऱ्यांनाही कंट्रोलर सेवा देतात. फ्लाइट प्लॅनमध्ये (उड्डाणाआधी भरायच्या आराखड्यात) तशी नोंद करण्याची सोयच आहे. ऐकू येतं पण बोलता येत नाही, अशांसाठी वेगळी खूण असते. बोलणं नक्कीच वेगवान आहे, पण ते सक्तीचं नाही. लाजून मागे राहणाऱ्यांसाठी हे कळकळीनं सांगतोय.

दुसरा गोंधळ नावांचा. मुंबई विमानतळाचा टॉवर सांभाळणारा कंट्रोलर ‘व्हीएबीबी_टीडब्ल्यूआर’ (विमानतळाचा कोड आणि टॉवरचं लघुरूप) या नावानं जोडला जातो. रेडिओवर मात्र ‘मुंबई टॉवर’च म्हणायचं. तुमच्या विमानाचं लेखी नाव ‘एआयसी१०१’ असेल, तर हाक ‘एअर इंडिया वन झिरो वन’.