उंदराच्या रक्तदाबावरून माणसाचं काहीच कळत नाही?

"उंदराचं हृदय मिनिटाला 600 वेळा धडधडतं, जनुक काढलं की तो आजारीच पडतो, शेपटीला पट्टा बांधला की घाबरतो. त्याच्या रक्तदाबावरून माणसाचं काय कळणार?" असा मजकूर सध्या फिरतोय.

ठोके जलद असतात हे खरं. दाब मात्र सरासरी 100 ते 110 मिमी पारा, म्हणजे आपल्या जवळपासच. दाब सांभाळणारी रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही रसायनांची साखळीही तीच. रक्तदाबावरची टेल्मिसार्टनची गोळी जो एटी-1 ग्राही (अँजिओटेन्सिन जिथे चिकटतं ते पेशीवरचं प्रथिन) अडवते, तो माणसात एकाच जनुकातून बनतो, उंदरात एटी-1ए आणि एटी-1बी या दोन जनुकांतून. एटी-1ए काढलं तर दाब सुमारे 24 मिमी उतरतो, पण एटी-1बी शिल्लक असतं. हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा.

आजाराचा मुद्दा अर्धाच खरा. अँजिओटेन्सिनोजेन (ज्यापासून अँजिओटेन्सिन बनतं ते प्रथिन) याचं जनुक पूर्ण काढलेली पिल्लं जगणं अवघड, मूत्रपिंडं बिघडतात. पण अमेरिकेत चॅपेल हिलला जनुकशास्त्रज्ञ ऑलिव्हर स्मिथीज यांच्या गटाने 1995 मध्ये याच जनुकाच्या 1, 2, 3 आणि 4 प्रती असलेले उंदीर तपासले. शरीराची भरपाई चालू असूनही दर प्रतीमागे दाब सुमारे 8 मिमी चढला. एसीई (अँजिओटेन्सिनला सक्रिय रूप देणारं विकर) याच्या जनुकाच्या प्रती मात्र 1 ते 3 केल्या तरी दाब हलला नाही. नुसत्या जनुकाच्या छेडछाडीने दाब बिघडत असता, तर इथेही बिघडायला हवा होता!

शेपटीवरून दाब मोजायच्या पट्ट्याबद्दलची शंका सगळ्यात रास्त. शेपूट गार असेल तर रक्तवाहिन्या आकसतात, नाडी सापडत नाही. म्हणून उंदराखालची पाटी 32 ते 34 अंशांवर ठेवायची आणि आठवडाभर नुसती सवय लावायची. 5-10 मिमीचा फरक शोधायचा तर टेलिमेट्रीच (शरीरात बसवलेल्या यंत्राने बिनतारी मोजणी) हवी: मानेच्या कॅरोटिड धमनीतून नळीचं टोक महाधमनीच्या कमानीपर्यंत, ट्रान्समीटर कातडीखाली. पहिले 7 ते 10 दिवस आकडे धरायचे नाहीत. टोकाशी गुठळी झाली की वरच्या-खालच्या दाबातलं अंतर मावळतं. ते आकडे टाकून द्यायचे. उंदीर रात्री जागा असतो, म्हणून नोंद पूर्ण 24 तासांची.

तुलना एकाच वेताच्या भावंडांशीच करावी. उंदरांच्या '129' नावाच्या जातीत रेनिनची 2 जनुकं असतात, सी57बीएल/6 या जातीत 1. जाती मिसळल्या की फरक कशाचा ते कळणारच नाही.