बाहत, भवानी आणि आत्या

बँकॉकला खरेदीला निघालेल्या माणसाने थाई शिकायच्या भानगडीत पडू नये. अडीचकीचा पाढा तेवढा पक्का करावा. एका बाहतला अडीच ते तीन रुपयांच्या मध्ये कुठेतरी पडतात, आणि त्या ‘मध्ये कुठेतरी’वरच संसाराचं सगळं राजकारण चालतं. बायकोला पर्स आवडली की ती बाहतला दोनाने गुणते. ‘हिशेब सोपा पडतो हो!’ मी बुटांकडे नुसतं बघितलं तरी तीनाने. त्यामुळे ४०० बाहतची पर्स आठशे रुपयांत बसते आणि तेवढ्याच बाहतचे बूट बाराशेला जातात. आमच्याबरोबर आत्या होती. ती गुणाकार करतच नाही. तिच्या लेखी बाहत म्हणजे रुपयाच, आणि ४०० ही कुठल्याही देशात पर्सची किंमत असू शकत नाही.

खरेदीचं तीर्थक्षेत्र म्हणजे चातुचाक. पूर्वी हा बाजार राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरायचा, १९८२ साली इथे हलवला. २७ विभाग, १५ हजारांवर दुकानं, आणि मुख्य गर्दी शनिवार-रविवारी. कपडे, कुंड्या, जुनी घड्याळं, जिवंत ससे, सगळं एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली वाहत असतं. इथे एक नियम पाळावा: आवडलं की घ्यावं. ‘पुढे बघून येऊ’ म्हणालात की ते दुकान या जन्मी पुन्हा सापडत नाही. आता पुढची चार दुकानं न बघता वस्तू घेणं हे आमच्या घराण्यात पाप आहे. त्यामुळे एका निळ्या दिव्याच्या शोधात आम्ही भर उन्हात तीन विभाग पालथे घातले, आणि निळा सोडून सगळ्या रंगांचे दिवे आम्हाला भेटले. बाजाराच्या मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. चुकामूक झाली की तिथे भेटायचं ठरवतात. त्याच्या सावलीत नाना देशींचे नवरे पायाशी पिशव्या ठेवून उभे असतात. कुणी कुणाशी बोलत नाही. गरजच नसते.

घासाघीस चालते ती कॅल्क्युलेटरवर. दुकानदारीण आकडा टाकून यंत्र पुढे करते, आपण तो पुसून आपला टाकायचा. तिने एका झोळीचे ३५० लिहिले. आत्याने चष्मा सावरून १०० लिहिले. मी ओशाळून शेजारच्या सशांकडे बघू लागलो. तिकडे घासाघिशीत आवाज चढवला की सौदा संपला, माणसाने हसतमुखच राहायचं, असं मी आत्याला हॉटेलातून निघतानाच बजावलं होतं. पण तुळशीबागेत उभी हयात गेलेल्या बाईने मालाला नावं न ठेवता भाव करायचा कसा? आत्याने तोड काढली. चेहऱ्यावर हळदीकुंकवाचं हसू आणून ती म्हणाली, “अगं बाई, पहिल्याच धुण्यात रंग जाईल याचा. शिवण बघ की, उंदराने घातलीय!” दुकानदारीणही गोड हसली आणि तिने ३०० केले. “आणि बंद तर बाजारापासून घरापर्यंतसुद्धा टिकायचे नाहीत हो, राणी.” २५०. शेवटी २०० ला झोळी हातात आली आणि दोघी एकमेकींना हात जोडून निघाल्या. निघाली अर्थात आत्या. ती दुकानदारीण तिथेच होती.

सकाळी लवकर गेलं तर आणखी एक गंमत दिसते. पहिलं गिऱ्हाईक परतवायचं नाही, अशी तिकडेही श्रद्धा आहे. विक्री झाली की मिळालेली नोट बाकीच्या मालाला टेकवत फिरतात. हे पाहिल्यावर आत्या गहिवरली. “म्हणजे भवानी!” त्या क्षणापासून तिने थायलंडला परदेश मानायचं सोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आत आम्हाला प्रातुनामला नेऊन उभं केलं.

प्रातुनाम ही कपड्यांची घाऊक पेठ. बहुतेक दुकानांत एकाचा भाव वेगळा आणि तीन घेतले की वेगळा. हा शोध ज्या कुणी व्यापाऱ्याने लावला त्याने मराठी माणसाचा खोल अभ्यास केलेला असणार. स्वस्त पडतं म्हणून बायकोने एकाच नक्षीचे तीन-तीन टॉप घेतले. एक तिला, एक वन्संना, आणि तिसरा कुणाला, हा प्रश्न आमच्या नात्यागोत्यात अजून फिरतो आहे. त्यात निम्म्या मालावर ‘फ्री साइझ’ लिहिलेलं असतं. ही फ्री साइझ थाई बायकांच्या अंगाची. आमच्याकडे ती आठवीतल्या भाचीला बसते.

रस्त्यात कुणी भला गृहस्थ किंवा टुकटुकवाला ‘आज ग्रँड पॅलेस बंद आहे’ म्हणाला तर पुढे चालू लागावं. तो तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेणार, आणि तिथे आत्याही कमी पडेल. बुद्धमूर्ती घेण्याआधी विचार करावा, ती देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो.

राहता राहिला कर परतावा. तिकडे ७ टक्के व्हॅट आहे. ठरावीक दुकानांपैकी एकाच दुकानात एका दिवसात किमान २,००० बाहतची खरेदी करून, पासपोर्ट दाखवून फॉर्म घेतला, तर विमानतळावर त्यातलं काही परत मिळतं. आत्याला हे समजावणं कठीण गेलं. “परतच द्यायचे होते तर घेतले कशाला?” अर्थशास्त्रात याला उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं. वर, रोख हवे असतील तर १०० बाहत कापून घेतात, म्हणजे देणाऱ्याने परत देण्याचेही पैसे घ्यायचे! रांगेतून बाहेर पडल्यावर हातात थोडे बाहत उरले. ते घरी नेऊन काय करणार, म्हणून समोरच्या चकचकीत दुकानात शिरलो. बाजारात घेतलेल्याच सुकवलेल्या आंब्याचं तेच पाकीट इथे जवळजवळ दुप्पट. आत्याने आकडा टाकायला कॅल्क्युलेटर मागितला. गणवेशातल्या मुलीने नम्रपणे मान हलवून ‘फिक्स्ड प्राइस’च्या पाटीकडे बोट केलं. आत्याने पाटी वाचली, चेहऱ्यावर तेच हळदीकुंकवाचं हसू आणलं, आणखी दोन पाकिटं उचलून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, “बरं, तीन घेतल्यावर काय?”