वादळात मायक्रोवेव्ह सोडतात म्हणे!

नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. अमेरिकेची विमाने चक्रीवादळात शिरून मायक्रोवेव्ह (एक प्रकारच्या अदृश्य लहरी) सोडतात, त्यानेच वादळ फुगते आणि हवे तिकडे वळते. आणि 23 सप्टेंबर 2023 चा आपला अंबाझरी तलावाचा पूरही रडारनेच आणला, असे त्यात म्हटले आहे. ज्यांच्या घरात त्या पहाटे पाणी शिरले, त्यांनाही हाच मेसेज पाठवला जातोय, याची चीड येते.

‘मायक्रोवेव्ह सोडतात.’ वाऱ्याचा वेग मोजायला या विमानांवर एसएफएमआर नावाचा रेडिओमीटर असतो. तो काहीच सोडत नाही, फक्त खालून येणारे मायक्रोवेव्ह टिपतो. समुद्रासकट प्रत्येक वस्तूतून थोडे मायक्रोवेव्ह बाहेर पडतच असतात. वारा चढला की लाटा फुटून फेस पसरतो, आणि फेसाळ पाण्यातून ते जास्त निघतात. साधारण तीन किलोमीटर उंचीवरून जाताना हा फरक सलग नोंदवला जातो. मध्ये धो धो पाऊस असतो, त्याचेही मायक्रोवेव्ह त्यात मिसळतात. म्हणून 4 ते 7 गिगाहर्ट्झच्या आसपास सहा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर (लहरींच्या कंपनसंख्यांवर) मोजतात. फ्रिक्वेन्सी वाढेल तसा पावसाचा परिणाम झपाट्याने वाढतो, फेसाचा फारसा बदलत नाही. त्यावरून वारा किती आणि पाऊस किती, हे वेगळे काढता येते. उपग्रहाला वरून ढगांचे माथे छान दिसतात, पण त्याखाली समुद्रालगतचा वारा इतक्या बारकाईने हाती लागत नाही.

‘रडार तर सोडते ना?’ हो, सोडते. विमानाच्या शेपटीतले, वारा मोजणारे डॉप्लर रडारही सोडते आणि नागपूरचे हवामान रडारही. पण पूर्ण वाढलेल्या चक्रीवादळात वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता जगाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेच्या कितीतरी पट असते. त्यापुढे रडारची ताकद ती काय? आणि नागपूरचे रडार मे महिन्यातही फिरतच असते. ऊन 45 अंशांवर, आभाळ कोरडे. तेव्हा का नाही पूर येत?

‘विमान गेले की वादळ वाढते.’ वादळ धोक्याचे वाटते म्हणूनच विमान पाठवतात. टेक्ससमधले गॅल्व्हेस्टन शहर 1900 साली चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा राइट बंधूंचे विमान उडायला तीन वर्षे बाकी होती. आपल्या बंगालच्या उपसागरात तर अशी नियमित उड्डाणे होतच नाहीत. तरीही 1999 मध्ये ओडिशावर महाचक्रीवादळ आलेच.

एक गोष्ट मात्र खरी आहे. अमेरिकेने वादळ कमजोर करायचा प्रयत्न केला होता. त्या प्रकल्पाचे नाव स्टॉर्मफ्युरी, काळ 1962 ते 1983. ढगांत सिल्व्हर आयोडाइड हे रसायन टाकायचे, मायक्रोवेव्हचा संबंध नव्हता. वादळे आपणहूनही तशीच बदलतात हे लक्षात आले आणि प्रकल्प गुंडाळला.

वादळात शिरणे जिवावरचे काम आहे. 1955 मध्ये जॅनेट वादळात अमेरिकी नौदलाचे विमान 11 जणांसह गेले, ते परत आलेच नाही. आजही माणसे त्याच भोवऱ्यात जातात, किनाऱ्यावरच्या लोकांना गाव कधी सोडायचे हे वेळेत कळावे म्हणून. त्यांनाच वादळाचे कर्ते ठरवणारा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर तो आला असेल तिथे हे उत्तर टाका.